जुनी गाडी घेताय? आधी तिची उरलेली वर्षं मोजा

गेल्या दिवाळीनंतर माझा भाचा साताऱ्याहून ठाण्यात आला. नोकरी ऐरोलीला, भाड्याचं घर कासारवडवलीला, मुलगी तीन वर्षांची. घोडबंदर रोडवर पावसात रिक्षा मिळवताना दोनदा भिजली आणि आजारी पडली, तेव्हा त्याने ठरवलं की गाडी घ्यायची. हाताशी साडेचार लाख होते. ऑफिसमधले म्हणत, आता पेट्रोल गाडीत पैसे घालू नकोस, जमाना इलेक्ट्रिकचा आहे. घरमालक म्हणत होता, बिल्डिंगमध्ये चार्जिंगची सोय नाही. दोघांचंही खरं होतं. भाचा मला म्हणाला, "मावशी, मग माझ्यासारख्याने करायचं काय?"

गेली बावीस वर्षं मी ठाण्यात जुन्याच गाड्या वापरते. स्वतःसाठी तीन घेतल्या, नातेवाइकांसाठी घेताना सहा-सात वेळा सोबत गेले. त्याच्याबरोबर जे केलं ते क्रमाने लिहिते आहे. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याने याच क्रमाने जावं, कारण बहुतेक जण उलट करतात: आधी गाडी आवडते आणि मग तिच्यासाठी कारणं शोधली जातात.

पहिली पायरी: आरसी कधी संपते ते बघा

जुनी गाडी म्हटलं की लोक विचारतात, किती चालली आणि कितव्या मालकाची? मी आधी विचारते, आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, कधी संपतं? खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी आरटीओला दाखवून, फिटनेस करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. वर पर्यावरण कर असतो. नोंदणी वाढवण्याचं शुल्कही एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून थेट ५००० वर गेलं.

इलेक्ट्रिकचा प्रश्न इथेच येतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाहनांच्या धुराबद्दल सरकारला खडे बोल सुनावले. त्यानंतर मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंद करता येतील का, हे तपासायला राज्य सरकारने समिती नेमली. ठाणे आणि नवी मुंबई त्या प्रदेशातच येतात. समिती नेमली म्हणजे बंदी आली असं नाही. पण शहाण्या माणसाने पंधरा वर्षांच्या पुढचं आयुष्य हिशेबात धरू नये. गाडी पुढे चालली तर चांगलंच, पण पैसे मोजताना ती वर्षं शून्य धरा. शेवटी विकून काही येईल, हेही शून्य धरा.

आता हिशेब बघा. आज २०२६ आहे. २०१८ ची एक पेट्रोल हॅचबॅक समजा साडेतीन लाखांना मिळते. तिची आरसी २०३३ पर्यंत, म्हणजे ७ वर्षं किंवा ८४ महिने उरले. महिन्याला साधारण ४१७० रुपये पडले. शेजारी २०१३ ची तीच गाडी १ लाख ६० हजारांना उभी आहे. तिचे २४ महिने उरले, म्हणजे महिन्याला जवळजवळ ६६७० रुपये. निम्म्याहून कमी किमतीची गाडी दीडपट महाग निघाली, आणि म्हाताऱ्या गाडीचा गॅरेजचा खर्च यात धरलेलाच नाही.

भाच्याने हा हिशेब मोबाइलवर केला आणि २०१५ च्या आधीच्या सगळ्या गाड्या यादीतून काढून टाकल्या. अर्धं काम तिथेच झालं.

अजून एक बघायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के आणि वरचा उपकर जाऊन १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, म्हणजे जुन्यांचे भावही उतरायला हवेत. पण विकणाऱ्याच्या डोक्यात त्याने मोजलेली जुनी किंमत बसलेली असते. बोलणी सुरू करण्याआधी त्याच मॉडेलची आजची ऑन-रोड किंमत शोरूममधून लिहून आणा आणि समोर ठेवा.

दुसरी पायरी: इंधन

डिझेलचं थोडक्यात सांगते. ठाण्यात राहून ऐरोली, वागळे इस्टेट नाहीतर मुलुंडला जाणार असाल तर घेऊ नका. एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स, म्हणजे धुराचे कडक नियम आले आणि त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारं फिल्टर असतं. ते साफ व्हायला हायवेवर सलग वेगात धावावं लागतं. माजिवड्याच्या सिग्नलला रोज वीस मिनिटं थांबणाऱ्या गाडीचं ते चोंदतं आणि बिल मोठं येतं.

सीएनजी रोजच्या खर्चाला पेट्रोल-डिझेलपेक्षा स्वस्त पडतो, पण दोन गोष्टी बघा. किट बाहेरून बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि विम्यात हवी. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचं प्रमाणपत्र मागा. पंपावरच्या रांगेत उभं राहायला वेळ आहे का आणि डिकी गमावून चालणार आहे का, याचं उत्तर ज्याचं त्याने द्यावं.

पेट्रोल घेणार असाल तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा विचार करा. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या त्यासाठी तयार आहेत. त्याआधीच्याही चालतात, पण अ‍ॅव्हरेज थोडं कमी मिळतं आणि इंधनाच्या रबरी नळ्या, वॉशर लवकर कडक होतात. मेकॅनिकला त्या मुद्दाम बघायला सांगा. बदलायला फार खर्च नाही, पण गळती अंगावर काढू नये.

आणि जुनी इलेक्ट्रिक? ती आता बाजारात दिसू लागली आहे आणि किंमत बघून मोह होतो. नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली. बहुतेक कंपन्यांची बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. म्हणजे त्या पहिल्या वर्षीच्या गाड्यांची वॉरंटी २०२८ मध्ये संपते. वर आरसीचा जो हिशेब केला तोच इथे वॉरंटीचा करा, कारण बॅटरी हाच गाडीचा सर्वांत महाग भाग आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या तब्येतीचा, म्हणजे एसओएचचा रिपोर्ट काढून घ्या. उरलेली वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे लेखी घ्या. मग गाडी पूर्ण चार्ज करून स्वतः चालवा आणि किती टक्क्यांत किती किलोमीटर गेली ते मोजा.

त्याआधी घरचा प्रश्न सोडवा. पार्किंग तुमच्या नावावर आहे की घरमालकाच्या? एकावर एक गाड्या चढवणाऱ्या स्टॅक पार्किंगमध्ये चार्जर बसतो का? सोसायटीचं पत्र हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. ठाण्यात वीज महावितरणची आहे, पण कळवा-मुंब्रा-शीळ भागात २०२० पासून टोरेंट पॉवरचं काम आहे, तेव्हा चार्जरच्या जोडणीसाठी कुठे अर्ज करायचा ते आधी बघून ठेवा.

टोलमाफीचं कारण लोक फार सांगतात. अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना ऑगस्ट २०२५ पासून टोल नाही. इतर मोटारींना पूर्ण पुलाच्या एका फेरीचे २५० रुपये पडतात. उलव्याहून रोज शिवडीकडे जाणाऱ्यासाठी ही मोठी बचत आहे. पण आनंदनगर, मुलुंड, ऐरोली, वाशी आणि दहिसर या मुंबईच्या पाच नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच हलक्या गाड्यांना टोल माफ आहे. कासारवडवलीहून ऐरोलीला जाणाऱ्या माझ्या भाच्याला त्या बाबतीत इलेक्ट्रिकचा फायदा शून्य होता. भाड्याचं घर आणि चार्जिंग नाही, म्हणून आम्ही पेट्रोलवर आलो. स्वतःच्या घराच्या पार्किंगमध्ये पॉइंट असलेल्या माणसाला मी कदाचित वेगळं सांगितलं असतं.

तिसरी पायरी: कुणाकडून घ्यायची

माझं उत्तर सरळ आहे. जो माणूस आता इलेक्ट्रिक घेतो आहे, त्याची जुनी पेट्रोल गाडी शोधा. हिरानंदानी इस्टेट, कोलशेत, ढोकाळी, पाचपाखाडी, कुठल्याही मोठ्या सोसायटीत असे दोन-चार जण सापडतात. गाडी बिघडली म्हणून ते विकत नाहीत, त्यांच्याकडे जागा एकाच गाडीची असते. सोसायटीच्या वॉचमनला आणि गाड्या धुणाऱ्या मुलाला विचारा. गाडी कोण जपतं आणि कोण ठोकतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

डीलरकडे जायला हरकत नाही, पण त्याच्याकडे आरटीओचा जुन्या गाड्यांच्या विक्रीचा परवाना आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून असा नियम आहे की मूळ मालकाने गाडी अधिकृत डीलरच्या ताब्यात दिल्याचं आरटीओला कळवलं की कायद्याने डीलरच तिचा मालक मानला जातो आणि तिच्या कागदांची, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर येते. दुसरं म्हणजे जुन्या गाडीवरचा १८ टक्के जीएसटी डीलरच्या नफ्यावर असतो, पूर्ण किमतीवर नसतो. "साडेतीन लाख अधिक अठरा टक्के" असं कुणी म्हणालं तर उठून या. माणसाने माणसाला विकली तर हा कर नाहीच.

चौथी पायरी: गाडी बघणं

सकाळी सातला जा. आदल्या रात्री मालकाला सांगा की गाडी सुरू करू नका. बोनेटवर हात ठेवा, ते थंड हवं. गरम असेल तर तुम्हाला काहीतरी ऐकू येऊ नये म्हणून गाडी आधीच सुरू केली आहे. थंड इंजिन पहिल्या सेल्फला सुटलं पाहिजे. पहिल्या अर्ध्या मिनिटात इंजिनातल्या चेनची खडखड, निळसर धूर, थरथर, जे असेल ते समोर येतं. पांढरी वाफ पावसाळ्यात निघते आणि विरते, तिला घाबरू नका. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय.

ठाण्यात आणि नवी मुंबईत सर्वांत आधी पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला शिका. वंदना टॉकीजच्या परिसरात दर पावसाळ्यात पाणी भरतं, आणि बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये उभ्या गाड्या तर रात्रीत सीटपर्यंत बुडतात. धुऊन, पॉलिश करून, अत्तर मारून त्या विकायला येतात. पाच वर्षांपूर्वी वहिनीसाठी अशीच एक गाडी बघायला गेले होते. आतून शोरूमसारखी दिसत होती. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची तपकिरी रेघ निघाली. बेल्ट गुंडाळलेला असतो, धुणाऱ्याचा हात तिथपर्यंत पोचत नाही. वहिनीने टोकन दिलेलं होतं, ते परत मिळवायला तीन आठवडे गेले.

म्हणून चारही बेल्ट पूर्ण ओढा. पायाखालची मॅट आणि तिच्याखालचं कार्पेट उचला, वास घ्या. डिकीत स्टेपनी काढून खालचा खोलगट भाग बघा, तिथे गाळ साचतो. सीटच्या रुळांना आणि डॅशबोर्डखालच्या स्क्रूंना गंज, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ, यातली दोन लक्षणं दिसली तर मालक कितीही सज्जन वाटो, निघा. बुडालेली गाडी सहा महिने छान चालते आणि मग तिचं वायरिंग एकेक करून दगा देतं.

मग अंग बघा. सूर्यप्रकाशात गाडीच्या कडेने तिरपी नजर टाका. रंगाची लाट किंवा छटा बदललेली दिसली की तिथे डेंटिंग-पेंटिंग झालंय. छोटं लोहचुंबक रुमालात गुंडाळून फिरवा. जाड लांबी (पुट्टी) भरलेली असेल तिथे ते धरत नाही. दरवाजाला घासलं म्हणून लांबी भरली असेल तर चालेल, ठाण्याच्या रस्त्यावर ते होणारच. पण बोनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंचे अप्रन (चाकांवरचा आतला पत्रा) आणि पुढची पट्टी यांवरचे कंपनीचे गोल वेल्डिंगचे ठसे सारखे नसतील तर गाडीने मोठी ठोकर खाल्ली आहे. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात साल छापलेलं असतं. एक काच वेगळ्या सालाची निघाली तर ती का बदलली ते विचारा. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. खाच शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायचाच, ती रक्कम किमतीतून वळती करा.

मीटर मागे केलेलं असू शकतं. त्यापेक्षा ब्रेकचं पॅडल, स्टिअरिंग आणि गिअरचा नॉब किती गुळगुळीत झालेत ते बघा. मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडीची हिस्ट्री काढा. प्रत्येक सर्व्हिसच्या तारखेला किती किलोमीटर होते ते तिथे लिहिलेलं असतं.

चालवून बघायला सपाट रस्ता पुरत नाही. गायमुखच्या घाटात न्या. एसी चालू ठेवून चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दाबा. इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे सरकत नाही, म्हणजे क्लचप्लेट संपली. ऑटोमॅटिक असेल तर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रांगत चालवा. एएमटी आणि ड्युअल क्लच हे ऑटोमॅटिक गिअरचे प्रकार; पहिल्याचा क्लच आणि दुसऱ्याची उष्णता, दोन्हीची परीक्षा तिथेच होते. सर्व्हिस रोडच्या खड्ड्यांतून काचा बंद करून हळू जा आणि खालून येणारा खटखट आवाज ऐका. येताना तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा.

एवढं करून गाडी पसंत पडली तरी स्वतःचा मेकॅनिक न्याच. विकणाऱ्याने सुचवलेला नको. कॉम्प्युटर स्कॅनर लावून जुने एरर कोड काढायला सांगा.

कंपनी कुठली, यावर एकच सांगते. फोर्डने २०२१ मध्ये भारतात विकायच्या गाड्या इथे बनवणं थांबवलं, शेव्हरोलेने २०१७ मध्येच इथली विक्री बंद केली. या गाड्या दणकट आणि आज फार स्वस्त आहेत. पण एका सेन्सरसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन शनिवार घालवायची तयारी नसेल तर पहिली गाडी म्हणून घेऊ नका. सात वर्षं चालवायची गाडी अशी हवी की तिचा पार्ट वागळे इस्टेटमधल्या साध्या दुकानातही मिळाला पाहिजे.

पाचवी पायरी: कागद आणि पैसे

एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाका. नोंदणीची तारीख, आरसीची मुदत, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा तिथे दिसतो. आरसीवरचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरशी स्वतः डोळ्यांनी जुळवा, आकड्याला आकडा. पोलिसांच्या ई-चलनाच्या साइटवर थकीत दंड बघा, तो विकणाऱ्याने भरायचा. कर्ज फिटलं असेल पण एचपी, म्हणजे आरसीवरची बँकेच्या बोजाची नोंद, उतरवलेली नसेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का बघा.

नंबर एमएच ०४, ०५, ४३ किंवा ४६ असेल तर काम सोपं. परराज्यातल्या, विशेषतः दिल्लीच्या स्वस्त गाड्यांच्या मागे लागू नका. तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला कर भरताना स्वस्ताई बरीचशी संपते.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर विक्री १४ दिवसांत आरटीओला कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. त्याच्या भरवशावर राहू नका, अर्ज बरोबर बसून भरा. पूर्ण पैसे एकदम देऊ नका: थोडा बयाणा आणि त्याची पावती, सह्या आणि ताबा होताना मोठी रक्कम बँकेतून, आणि ट्रान्सफर होईपर्यंत थोडी रक्कम मागे. नीट सांगितलं तर सज्जन माणूस याला नाही म्हणत नाही. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचा, तो तुम्हाला मिळत नाही. त्याचा फास्टॅगही बंद करून स्वतःचा घ्या.

पहिला महिना

किमतीच्या दहा टक्के रक्कम बाजूला ठेवूनच गाडी घ्या. मागच्या मालकाने काय केलं हे विसरून इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, सगळे फिल्टर आणि बेल्ट एकदम बदला. त्यानंतर इंजिन ऑइल वर्षातून एकदा, गाडी तीनच हजार किलोमीटर चालली असली तरी. आपल्याकडे किलोमीटर कमी होतात आणि इंजिन चालू राहण्याचे तास जास्त.

पावसाळ्याआधी समोरच्या काचेखालच्या जाळीतला पाला काढा. तिथली भोकं बुजली की पाणी केबिनमध्ये उतरतं. दर चतुर्थीला नसेल जमत, पण पावसाळ्यानंतर एकदा गाडी लिफ्टवर चढवून खालून धुऊन घ्या. खाडीकाठच्या हवेने पत्रा खालून खातो आणि वरून काही कळत नाही. उघड्यावर उभी असेल तर आठवड्यातून एकदा बोनेट उघडा, उंदीर वायर कुरतडतात आणि तो खर्च फार जिवावर येतो.

भाच्याला शेवटी ढोकाळीत २०१८ ची वॅगन-आर मिळाली, पहिल्या मालकाची. त्या काकांनी मुलाच्या आग्रहाने इलेक्ट्रिक घेतली होती आणि पार्किंग एकच होतं. किल्ली देताना त्यांनी आठ वर्षांच्या सर्व्हिसच्या पावत्या फाइलसकट दिल्या. नवी आरसी पोस्टाने आली तेव्हा भाच्याने ती त्याच फाइलमध्ये लावली आणि वर मार्करने ठळक २०३३ लिहिलं.